पंचवीस छिद्रांचे दप्तर : प्रिंटर पोर्टवरची भांडणे इतिहासाने का नोंदवावीत?

१/
तारापूरच्या किल्ल्यावर १७३९ च्या प्रारंभी मराठ्यांनी हल्ला कसा चढवला आणि बाजी भिवराव रेठरेकर तेथे कसे पडले, हे आज सांगता येते. कारण त्या मोहिमेची पत्रे उरली आणि मोडी वाचणारी माणसेही उरली. त्याच तारापूरच्या शेजारी, बोईसरच्या एखाद्या डीटीपी केंद्रात १९९९ साली काय टंकले गेले, हे मात्र उद्या सांगता येईलच असे नाही. कागद जीर्ण झाला म्हणून नव्हे. ज्या संगणकांत तो मजकूर आहे, त्यांच्या पाठीमागच्या एका पोर्टवर दोन उपकरणे एकत्र कशी नांदवायची, हे ज्ञान विसरले जात आहे म्हणून. हा धागा त्या पोर्टविषयी आहे.

२/
आधी दावा स्पष्ट मांडलेला बरा. जुन्या संगणकाच्या प्रिंटर पोर्टवर होणारे तंटे आणि ते मिटवण्याच्या युक्त्या ही केवळ दुरुस्तीवाल्यांची माहिती नाही. साधारण १९९० ते २००५ या काळातील मराठी लेखनाचा आणि लहान गावांच्या दप्तराचा फार मोठा भाग त्या युक्त्यांच्या पलीकडे उभा आहे. मोडी लिपी ही जशी पेशवे दप्तराची किल्ली आहे, तशीच या युक्त्या त्या काळाची किल्ली आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांची नोंद आजच केली पाहिजे, कारण त्या जाणणारी माणसे आज भेटू शकतात.

३/
पोर्टची कुळकथा पाहू. १९७० साली अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स या कंपनीने आपला मॉडेल १०१ हा प्रिंटर आणला. त्यासाठी निवडलेल्या जोडणीला ३६ पिना होत्या. वँग या कंपनीकडे गणनयंत्रांसाठी मागवलेल्या अशा हजारो जोडण्या शिल्लक पडल्या होत्या, म्हणून त्या वापरल्या, अशी कथा सांगितली जाते. कारण काहीही असो, जगभरच्या प्रिंटरांच्या पाठीवर पुढे तीस वर्षे तीच जोडणी राहिली. १९८१ साली आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा संगणकाच्या बाजूला मात्र २५ छिद्रांची, आकाराने लहान जोडणी बसवली. हाच आपल्याकडे ‘प्रिंटर पोर्ट’, ‘पॅरलल पोर्ट’ किंवा ‘एलपीटी’ या नावांनी ओळखला गेला.

४/
या २५ तारांची वाटणी ध्यानात घेतली, तर पुढचे सारे तंटे समजतात. आठ तारा माहिती नेतात, एका वेळी एक पूर्ण अक्षर. चार तारा प्रिंटरला आज्ञा देतात. पाच तारांवरून प्रिंटर उलट खबर देतो : कागद संपला, थांबा, तयार आहे. उरलेल्या आठ तारा जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या. या साऱ्या मांडणीत एक गोष्ट नाही, ती म्हणजे पत्ता. ‘हा मजकूर अमक्या उपकरणासाठी आहे’ असे सांगणारी एकही तार नाही. पोर्टच्या टोकाला एकच प्रिंटर असणार, हे रचनाकारांनी गृहीत धरले होते.

५/
भारतात, आणि विशेषतः लहान गावांत, हे गृहीतक टिकणे शक्यच नव्हते. प्रिंटर महाग होता. दोन संगणक आले, तरी प्रिंटर एकच राही. त्यावर पहिला तोडगा निघाला तो डेटा स्विचचा : लोखंडी पेटी, पुढे फिरवायचे बटण, त्यावर ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे. दोन संगणकांच्या केबली पेटीत येत, एक केबल प्रिंटरकडे जाई. ज्याला छपाई हवी त्याने बटण आपल्याकडे फिरवायचे. यंत्राला पत्ता कळत नव्हता, म्हणून पत्ता सांगण्याचे काम माणसाच्या हाताकडे आले.

६/
हा हात अनेकदा घात करी. एकाचे पान अर्धे छापून होत असताना दुसऱ्याने बटण फिरवले, की पहिल्याचा मजकूर मध्येच तुटे आणि प्रिंटर निरर्थक चिन्हांनी पानामागून पाने भरू लागे. चालू यंत्रावर बटण फिरवल्याने विजेचा झटका बसून पोर्टची चिप जाण्याची भीती असे, म्हणून लेझर प्रिंटरबाबत अशा पेट्या टाळण्याचा सल्ला दिला जाई. केबल लांब असली, तर अक्षरे गळत. यावरचे नियम साधेच होते : आधी छपाई पूर्ण होऊ द्यावी, मग बटण फिरवावे, केबल दोन-तीन मीटरच्या आतली ठेवावी, आणि केबल काढायची तर संगणक व प्रिंटर दोन्ही बंद करूनच काढावी. हे नियम फारसे कोणी लिहून ठेवले नाहीत. ते तोंडी चालत आले.

७/
तारापूर औद्योगिक वसाहतीत या पोर्टचे महत्त्व आणखी वेगळे होते. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या नियमांनुसार कारखान्यातून माल बाहेर काढताना बीजक तीन प्रतींत करावे लागे : मूळ प्रत ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी कारखान्याच्या दप्तराची. एका फटक्यात तीन प्रती उमटवायच्या, तर कागदावर प्रत्यक्ष आघात करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच हवा. लेझरला कार्बन प्रत काढता येत नाही. त्यामुळे नवे तंत्र आल्यानंतरही डॉट मॅट्रिक्सची करकर, आणि तिच्यासोबत २५ छिद्रांचा पोर्ट, औद्योगिक वसाहतींत टिकून राहिला. बीजक नाही तर माल नाही. पोर्ट अडला की फाटकाशी ट्रक अडे.

८/
तारापूरचे नाव निघताच १९६९ साली सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र आठवते, आणि त्या इतिहासाला ग्रंथकार मिळतील. फाटकावर तीन प्रतींची वाट पाहणाऱ्या ट्रकचा इतिहास मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. वास्तविक बोईसरचे दैनंदिन अर्थकारण त्या बीजकांत आहे : कोणता माल, कोणत्या गावी, कोणत्या भावाने. अठराव्या शतकातील जकातीच्या नोंदींवरून आपण व्यापाराचे मार्ग काढतो. मग विसाव्या शतकाच्या अखेरच्या बीजकांना कमी का लेखावे?

९/
आता मुख्य तंट्याकडे येऊ. तो दोन संगणकांतला नव्हता. एकाच पोर्टवर बसलेल्या प्रिंटर आणि ‘लॉक’ यांच्यातला होता, आणि त्याचा संबंध थेट मराठी भाषेशी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर मराठी लिहायचे, तर त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती ही त्यांतील ठळक नावे. अशा संचांबरोबर पुष्कळदा एक लहानसा प्लास्टिकचा ठोकळा मिळे. तो प्रिंटर पोर्टवर खोचला, तरच सॉफ्टवेअर चाले. यालाच कोणी हार्डवेअर लॉक म्हणत, कोणी डोंगल.

१०/
या लॉकमागचा हेतू समजून घेणे न्यायाचे आहे. देवनागरीचे फॉन्ट घडवणे हे कष्टाचे काम : जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, मात्रा, प्रत्येकाची जागा वेगळी. बाजार लहान, आणि फ्लॉपीवरून नक्कल करणे सोपे. लॉक नसते, तर मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांना मोबदला मिळणे अवघड होते. तेव्हा लॉकला दोष देऊन भागत नाही. पण परिणाम काय झाला, तेही पाहिले पाहिजे. मराठी लिहिण्याची मुभा एका भौतिक वस्तूत बंद झाली आणि ती वस्तू प्रिंटरच्याच दारात उभी राहिली.

११/
लॉकची एक बाजू संगणकाच्या पोर्टवर बसे, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला प्रिंटरची केबल लावायची. प्रिंटरसाठी आलेला मजकूर लॉकने मुकाट्याने पुढे जाऊ द्यावा. सॉफ्टवेअरने ठरावीक सांकेतिक प्रश्न विचारला, तरच जागे होऊन उत्तर द्यावे, अशी ही योजना. कागदावर ती निर्दोष दिसते. पण पोर्टला पत्ता नाही, हे विसरता येत नाही. प्रश्न लॉकसाठी आहे की प्रिंटरसाठी, हे केवळ संकेतावरून ओळखायचे होते. गोंधळाला वाव होता, आणि तो होई.

१२/
पहिला गोंधळ विजेचा. प्रिंटर पोर्टवर वीज पुरवणारी स्वतंत्र तार नाही. लॉक आपली भूक त्याच माहितीच्या व आज्ञेच्या तारांतून भागवी. प्रिंटर जोडलेला पण बंद असला, की तोही त्या तारांवरची थोडी वीज ओढून घेई आणि लॉक उपाशी राही. मग पडद्यावर ‘लॉक सापडले नाही’ असा संदेश. लॉक तर डोळ्यांसमोर खोचलेले! उपाय ऐकायला गमतीचा वाटतो, पण अचूक होता : मराठी टंकायचे असेल, तर छपाई करायची नसली तरी प्रिंटर चालू ठेवा. नाहीतर त्याची केबलच काढून ठेवा.

१३/
दुसरा गोंधळ बोलक्या प्रिंटरांचा. १९९४ साली आयईईई १२८४ हे प्रमाण आले आणि पोर्ट दुतर्फा बोलू लागला. त्यात ईपीपी आणि ईसीपी अशा वेगवान रीती होत्या. नवे प्रिंटर शाई किती उरली, कागद अडकला का, हे सतत संगणकाला सांगू लागले. या अखंड संभाषणात लॉकचे उत्तर हरवे. उपाय दोन होते. एक, प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन दुतर्फा संवाद बंद करणे. दोन, संगणक सुरू होताना बायोसमध्ये शिरून पोर्टची रीत ईसीपीवरून साध्या, जुन्या रीतीवर आणणे. नवे तंत्र मागे नेल्यावरच जुने लॉक बोलत असे.

१४/
तिसरा गोंधळ क्रमाचा. एकाच केंद्रात मराठीचे एक लॉक, नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरचे दुसरे, शिवाय पोर्टवर चालणारा स्कॅनर किंवा झिप ड्राइव्ह. ही आगगाडी एकामागे एक जोडली जाई, आणि डब्यांचा क्रम चुकला की गाडी अडे. अनुभवाने ठरलेला नियम असा : संगणकाला आधी लॉक, लॉकला केबल, केबलला डेटा स्विच, आणि शेवटी प्रिंटर. लॉक स्विचच्या पलीकडे लावले, की बटण दुसरीकडे फिरताच मराठी बंद पडे. दोन लॉक असतील, तर त्यांची अदलाबदल करून पाहायची. ज्या क्रमाने दोन्ही चालली, तो क्रम पुढे कोणी मोडायचा नाही.

१५/
चौथा गोंधळ पत्त्यांचा. पोर्टवरच्या उपकरणाला पत्ता नसला, तरी संगणकाच्या आत पोर्टला मात्र होता. पहिल्या पोर्टचा पत्ता बहुधा ३७८, दुसऱ्याचा २७८, सोळाच्या पायाच्या गणनेत. त्यांच्या हाकेच्या तारा ७ आणि ५ क्रमांकाच्या. साउंड कार्डही त्याच क्रमांकांवर हक्क सांगे, म्हणून गाणी ऐकण्यासाठी कार्ड बसवले की छपाई रखडण्याचा संभव असे. सर्वांत चांगला तोडगा होता दुसऱ्या पोर्टचे वेगळे कार्ड : एकावर लॉक, दुसऱ्यावर प्रिंटर. पण पुढच्या पीसीआय कार्डांचे पत्ते निराळे निघाले, आणि ठरावीक पत्त्यावरच शोध घेणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला लॉक सापडेना.

१६/
मग यूएसबी आले. १९९६ साली त्याचे पहिले प्रमाण जाहीर झाले आणि पुढच्या दशकात नव्या संगणकांवरून २५ छिद्रे हळूहळू नाहीशी झाली. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देणे हे यूएसबीच्या रचनेतच होते. म्हणजे १९७० ची उणीव अखेर भरून निघाली. पण जुन्या लॉकचे काय? यूएसबीला पॅरलल जोडणारी साधी केबल बाजारात मिळते, पण ती केवळ प्रिंटर ओळखते. लॉकचा सांकेतिक प्रश्न तिच्यातून पलीकडे पोहोचत नाही. ही केबल विकत घेऊन निराश झालेल्याने लॉक खराब झाले असे समजून ते फेकून देऊ नये. दोष लॉकचा नसतो.

१७/
येथे एक शंका रास्त आहे. मजकूर कागदावर छापलाच होता, मग संगणकातील फाइलची काय गरज? शिवाय फॉन्ट मिळाला, तर जुने पान लॉकवाचूनही पुष्कळदा दिसते. दोन्ही गोष्टी अंशतः खऱ्या आहेत. पण पान दिसणे म्हणजे वाचणे नव्हे. त्या काळी प्रत्येक संचाची अक्षरमांडणी निराळी होती. फॉन्ट नसला, की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट मिळाला, तरी त्यात शोध घेता येत नाही आणि तो युनिकोडमध्ये थेट उतरवता येत नाही. मूळ संच चालू झाला, तर मजकूर सुखरूप बाहेर काढण्याचा भरवसा पुष्कळ वाढतो. आणि मूळ संच लॉकवाचून चालत नाही.

१८/
कागदाविषयी बोलायचे, तर पालघरच्या किनाऱ्यावरच्या एडवणकडे पाहावे. सफाळे स्थानकावरून जेथे जावे लागते असे हे गाव, आणि केळवे, माहीम, दातिवरे हे त्याचे किनारी शेजारी. अशा गावाचा अलीकडचा इतिहास कशात असतो? शाळेच्या स्मरणिकेत, मच्छीमार संस्थेच्या वार्षिक अहवालात, पतसंस्थेच्या ताळेबंदात, जत्रेच्या पत्रकात, लग्नपत्रिकेत, दशक्रियेच्या निमंत्रणात. यांतली कोणतीही वस्तू ग्रंथालयात जात नाही. प्रती थोड्या निघतात, वाटल्या जातात आणि संपतात. त्यात समुद्राची खारी, दमट हवा कागदालाही खाते आणि पोर्टच्या पितळी पिनांनाही. डीटीपी केंद्रातील फाइल हीच पुष्कळदा अखेरची प्रत असते.

१९/
याच किनाऱ्याने याआधी एकदा हा धडा दिला आहे. उत्तर कोकणाच्या मध्ययुगीन इतिहासासाठी अभ्यासक ज्या महिकावतीच्या बखरीकडे वळतात, ती वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. त्या बखरीतील कुळे, गावे, वहिवाटी यांविषयीचे तपशील दरबारी इतिहासात सापडणारे नव्हते. कोणीतरी ती हस्तलिखिते घरात जपली, कोणीतरी ती शोधली, आणि वाचता येणारा माणूस वेळेवर तेथे पोहोचला. या तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून बखर वाचली. राजवाड्यांच्या काळी बस्तानी सोडवावी लागत. आज लॉक आणि प्रिंटर यांचा तंटा सोडवावा लागतो. काम एकाच जातीचे आहे.

२०/
दुसरा आक्षेप कायद्याचा. लॉक ओलांडणे म्हणजे चोरी नव्हे काय? नक्कल करून विकण्यासाठी ओलांडले, तर निश्चितच. पण जतनाचा प्रश्न वेगळा आहे, हे जगाने मान्य केले आहे. अमेरिकेत २००३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने, बिघडलेल्या आणि कालबाह्य झालेल्या लॉकमुळे जे सॉफ्टवेअर वापरता येत नाही, त्यापुरती कायद्यात सूट दिली, आणि पुढेही ती दिली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलम ६५-अ आले. ते हक्कभंगाच्या हेतूने केलेल्या कृतीला शिक्षा सांगते आणि कायद्याने मनाई नसलेल्या हेतूंना वगळते. तरीही उत्तम मार्ग एकच : मूळ लॉक जपावे, मूळ यंत्र चालू ठेवावे. मग ओलांडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

२१/
तिसरा आक्षेप असा की हा इतिहास नव्हे, ही तांत्रिक किरकोळ माहिती. पण शाई कशाची, कागद कोणत्या गिरणीचा, बोरू कसा तासला, यांचा अभ्यास हस्तलिखितशास्त्रात प्रतिष्ठित मानला जातो. कारण साधन समजल्यावाचून लेख नीट समजत नाही. एखाद्या स्मरणिकेत एकाच पानावर दोन निराळे फॉन्ट दिसले, तर मजकूर दोन केंद्रांत टंकला गेला असावा, असा तर्क करता येतो. एखाद्या बीजकाच्या मध्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटली असेल, तर तिच्यामागे कोणीतरी अवेळी फिरवलेले डेटा स्विचचे बटण असू शकते. पोर्ट जाणणाऱ्याला हा पुरावा दिसतो. न जाणणाऱ्याला केवळ रद्दी दिसते.

२२/
या जुन्या युक्त्यांचा आजही उपयोग होतो, हे विशेष. पतसंस्थांची व दुकानांची हिशेबाची कित्येक डॉस सॉफ्टवेअर फक्त ‘एलपीटी१’ ओळखत. दुसरीकडे लिहिणे त्यांना ठाऊकच नव्हते. विंडोज ९५ मध्ये ‘कॅप्चर प्रिंटर पोर्ट’ ही सोय आली आणि विंडोज एक्सपीच्या काळात ‘नेट यूज’ ही आज्ञा कामी आली. दोन्हींचे काम एकच : सॉफ्टवेअरला वाटते आपण पोर्टवर लिहितो आहोत, प्रत्यक्षात मजकूर जाळ्यावरच्या सामायिक प्रिंटरकडे जातो. आज डॉसबॉक्स-एक्ससारख्या नक्कलयंत्रात तोच प्रवाह थेट फाइलमध्ये वळवता येतो. प्रिंटर सामायिक करण्यासाठी निघालेली युक्ती दप्तर सोडवण्याचे साधन होते. वीस वर्षांपूर्वीचे बंद पडलेले खाते कागदावाचून ‘छापून’ घेता येते.

२३/
पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. नव्या जिल्ह्याला आपला इतिहास लिहायचा आहे, आणि तो केवळ किल्ल्यांचा असू नये. किल्ल्यांवर जाणाऱ्या तरुणांनी एखादा रविवार गावातल्या जुन्या डीटीपी केंद्राला द्यावा. तेथील ऑपरेटर काकांना विचारावे : कोणते सॉफ्टवेअर होते, कितवी आवृत्ती, लॉक कोठे आहे, पोर्ट कोणत्या रीतीवर ठेवत होता, केबलींचा क्रम कोणता. यंत्र उघडण्यापूर्वी पाठीमागच्या जोडण्यांचे छायाचित्र घ्यावे. सर्वांत आधी हार्ड डिस्कची पूर्ण प्रत करावी, मगच यंत्र चालवून पाहावे. पिनांवर हिरवट थर असेल, तर बंद यंत्रावर हलक्या हाताने, संपर्क स्वच्छ करणाऱ्या द्रवाने पुसावा. लॉक, फॉन्टच्या फ्लॉप्या आणि एक छापील पान हे तिन्ही एकाच पाकिटात ठेवावे. फाइल बरोबर उघडली की नाही, याची साक्ष ते पान देईल.

२४/
मालकाच्या परवानगीवाचून काही नेऊ नये, आणि खाजगी मजकूर उघड करू नये. पतसंस्थेच्या खात्यांत जिवंत माणसांचे व्यवहार आहेत. जतन म्हणजे प्रसिद्धी नव्हे. पण विलंबही नको. जुना संगणक भंगारात जातो, तेव्हा तराजूत लोखंड मोजले जाते; लॉक बहुधा आधीच ड्रॉवरमधल्या कचऱ्यात गेलेले असते. चुकून हातात आले, तरी ते काय आहे हे पुढच्या पिढीला कळत नाही. २५ पिनांचा एक निरुपयोगी ठोकळा, एवढेच दिसते.

२५/
मोडी लिपी नाहीशी झाली नाही. तिचे वाचक कमी झाले, आणि तेवढ्यानेच लाखो कागद मुके झाले. प्रिंटर पोर्टचेही तेच होऊ घातले आहे. यंत्रे अजून माळ्यावर आहेत, लॉक अजून ड्रॉवरमध्ये आहेत, आणि ‘आधी प्रिंटर चालू करा, मग मराठी सुरू होईल’ हे सांगणारी माणसे अजून दुकानात बसतात. १७३९ ची तारापूरची पत्रे वाचण्यासाठी आपण वर्षभर मोडीचा वर्ग लावतो. १९९९ चे बोईसर आणि एडवण वाचण्यासाठी एक संध्याकाळ आणि एक वही पुरेशी आहे. ती वही आज भरली नाही, तर या किनाऱ्याच्या इतिहासात किल्ला पडल्याची तारीख असेल, पण शाळेच्या स्मरणिकेत गावाने स्वतःविषयी काय लिहिले होते, ते नसेल.